पावणेचव्वेचाळीस पैसे पीक

बांधावर उभे राहून, शिवारातील पिकावरून नजर फिरवून “यंदा सात आणे पीक” असा निर्वाळा देणारा जुना मुलकी अंमलदार आपल्या डोळ्यांना जेवढे दिसे तेवढेच बोलत असे. कारण पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे धरणाऱ्या त्या मापाला, आणेवारीला, पायऱ्याच मुळी सोळा, आणि सहा की सात याहून सूक्ष्म भेद करण्याचा दावा त्या भाषेत नव्हताच. १९५७ साली दशमान नाणी प्रचारात आली, पुढे आणेवारीची पैसेवारी झाली आणि सोळांच्या जागी शंभर पायऱ्या आल्या. पण पाहणाऱ्याची नजर काही त्यामुळे सहापट तीक्ष्ण झाली नाही. सात आण्यांना त्रैराशिकाने पैशांत बसवू गेल्यास उत्तर येते पावणेचव्वेचाळीस, अर्थात ४३.७५, आणि एका अंकाच्या अदमासाचे हे चार अंकी रूप पाहून एखाद्यास वाटावे की कोणी कणीस न् कणीस मोजून काढले आहे!

मानवी देहाच्या उष्णतेचीही हीच कथा. लाइपझिगचे वैद्य कार्ल वुंडरलिश यांनी १८६८ च्या आपल्या ग्रंथात, असंख्य नोंदींच्या आधारे, निरोगी माणसाचे सरासरी तापमान ३७ अंश सेल्सिअस मानले. फॅरनहाइटमध्ये त्याचे ९८.६ होतात, आणि दशांश चिन्हापुढील तो सहा कोणा रुग्णाच्या काखेतून नव्हे, तर नऊ-पंचमांशाच्या गुणाकारातून आलेला आहे.

मग अंक लिहावेत तरी किती? संख्याशास्त्राचे उत्तर असे की, आधी अंदाजाची प्रमाण त्रुटी, म्हणजे नमुना बदलल्यास तो अंदाज साधारण किती हलेल ते, काढावी, आणि ती ज्या स्थानावर हात घालते त्याच्या फार पलीकडे जाऊ नये. हजार मतदारांना यदृच्छेने निवडून विचारले आणि एका पक्षाला ४३.२७ टक्के पाठिंबा दिसला, तर तेथे प्रमाण त्रुटी सुमारे दीड टक्क्याची असते. म्हणजे दशांशानंतरचे दोन्ही अंक तर निराधार ठरतातच, परंतु एकम स्थानावरचा तीनसुद्धा डळमळीतच असतो. दशांशानंतरचा पहिला अंक निदान या तिनाइतका भरवशाचा करावयाचा झाल्यास केवढा खर्च येईल? त्रुटी नमुन्याच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटत असल्यामुळे, एका जादा अंकासाठी नमुना शंभरपट, म्हणजे लाख माणसांचा, घ्यावा लागतो. छापखान्यात मात्र तोच अंक फुकट मिळतो. (मधल्या आकडेमोडीत अंक छाटू नयेत, हे वेगळे; काटछाट अखेरीस, एकदाच.)

नमुना न घेता सगळ्यांनाच मोजले तर प्रश्न मिटतो, असेही नाही. २०११ च्या खानेसुमारीत भारताची लोकसंख्या १,२१,०८,५४,९७७ नोंदली गेली. त्यानंतर केलेल्या पडताळणी-पाहणीत दर हजारी सुमारे २३ माणसे गणतीतून सुटल्याचे आढळले. एकंदर संख्येशी ताडून पाहता ही गळती पावणेतीन कोटींच्या आसपास जाते, आणि मग शेवटच्या सत्याहत्तरांचे काय करावे ते कळेनासे होते. तरीही दप्तरात ते सत्याहत्तर राहावेत, असेच मी म्हणेन; गावाची बेरीज तालुक्याशी आणि तालुक्याची जिल्ह्याशी जुळावयाची तर हिशेबाला शेवटचा अंक लागतोच. तो नोंदीचा अंक आहे, ज्ञानाचा नव्हे. भाषणात किंवा पाठ्यपुस्तकात “सुमारे एकशे एकवीस कोटी” एवढे पुरे.

पैसेवारीत मात्र नोंदीचा अंक आणि ज्ञानाचा अंक हा भेद पाळणे कठीण होऊन बसते. आता नजरेच्या जोडीला पीक कापणीचे प्रयोग असतात. पण तेही निवडक शेतांतल्या निवडक तुकड्यांवर, म्हणजे नमुन्यावरच चालतात. आणि महाराष्ट्रात दीर्घकाळ ५० पैशांची रेघ टंचाईची मानली गेली: पैसेवारी तिच्याखाली गेली तर सवलत, वर राहिली तर नाही. एका गावाचे ४९ आणि शेजारच्या गावाचे ५१ लागले, तर दोन्ही शिवारांतून हिंडूनही कोणाला त्यांतला फरक सांगता यायचा नाही. जुन्या मापात दोन्ही गावांचे पीक आठच आणे भरले असते.