नादाची नवी प्रत आणि आवडीची जुनी यादी

संगणकावर गाण्यांचा संग्रह करणारी माणसे आज आपल्या शहरात घरोघर आढळतात. मागणीबरहुकूम गाणी ऐकवणाऱ्या सेवा आता सर्वत्र पोहोचल्या आहेत हे खरे. पण ज्याने वीस-पंचवीस वर्षे खपून नाट्यपदे, ख्याल, भावगीते आणि अभंग एकत्र केले, त्याला स्वतःच्या कपाटातील गाणे स्वतःच्या हाताने काढून ऐकण्यातच समाधान वाटते. अशा संग्राहकापुढे हल्ली एक प्रश्न उभा राहतो. पूर्वी जागेच्या टंचाईमुळे गाणी आक्रसून ठेवली. आता जागा मुबलक आहे. तेव्हा तीच गाणी पूर्ण स्वरूपात पुन्हा घ्यावीत काय? आणि घेतली तर इतक्या वर्षांत मन लावून रचलेल्या याद्यांचे, म्हणजे प्लेलिस्टांचे, काय होणार? वरवर पाहता हा प्रश्न यंत्राचा दिसतो. वस्तुतः आपल्या श्रमाचे जतन कसे करावे, असा तो प्रश्न आहे. म्हणून त्याचा थोडा मुळापासून विचार करू.

सीडी १९८२ साली बाजारात आली. तिच्यावर प्रत्येक सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीचे माप घेऊन ते १६ बिटांत नोंदलेले असते, आणि तेही डाव्या व उजव्या अशा दोन बाजूंसाठी. गुणाकार केला म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. अर्थात मिनिटाला सुमारे दहा मेगाबाइट. त्या काळच्या संगणकांना हा भार पेलणारा नव्हता. यावर जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांचा मोठा वाटा असलेली एक युक्ती पुढे आली आणि १९९३ साली ती आंतरराष्ट्रीय मानकात प्रसिद्ध झाली. तीच एमपी-थ्री. तिचे तत्त्व आपल्या रोजच्या अनुभवातले आहे. ताशा वाजत असता शेजारच्याची कुजबुज ऐकू येत नाही. मग ती टिपून ठेवावी कशाला? कानाला ऐकू येणार नाही असे जे वाटेल ते गाळावयाचे, एवढाच तिचा मथितार्थ. सेकंदाला १,२८,००० बिटांची एमपी-थ्री फाइल सीडीच्या मानाने अकराव्या हिश्श्याची होते.

हे गाळणे नेमके कोठे उघडे पडते, हे या संशोधकांपैकी कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांनी सुझान व्हेगा या अमेरिकन गायिकेच्या ‘टॉम्स डायनर’ या गीतावर तपासून पाहिले. त्या गीतात साथ नाही, केवळ गळा आहे; आणि उघड्या गळ्यात दोष लपत नाही. आपल्या संगीतात तर तंबोऱ्याच्या चार तारा आणि एक आवाज एवढ्यावरच आलापी तासभर चालते. आपल्या श्रोत्यांना या बाबतीत थोडे चोखंदळ व्हावेसे वाटले, तर त्यात नवल नाही.

२००१ साली जॉश कोलसन यांनी फ्लॅक नावाची निराळी पद्धत सिद्ध केली. दोहोंतला फरक एका दृष्टांताने स्पष्ट होईल. व्याख्यान टिपून घेण्याचे दोन मार्ग आहेत. एक, सारांश लिहिणे. दुसरा, लघुलिपीत उतरवणे. सारांशाने जागा फार वाचते, पण गाळलेला शब्द पुन्हा मिळत नाही. लघुलिपीने जागा कमी वाचते. मात्र तीवरून अख्खे भाषण जसेच्या तसे उभे करता येते. एमपी-थ्री हा सारांश आणि फ्लॅक ही लघुलिपी. फ्लॅकची फाइल सीडीवरील मूळ नोंदीच्या साधारणपणे निम्मी ते दोन-तृतीयांश भरते, आणि उलगडली की बिटास बिट जुळते.

यावरून पहिली गोष्ट निष्पन्न होते ती ही, की जुन्या एमपी-थ्रीचे फ्लॅकमध्ये रूपांतर करून काहीही साधत नाही. सारांश लघुलिपीत लिहिला म्हणून त्याचे मूळ व्याख्यान होत नाही. फाइल फुगते, एवढेच. पूर्ण प्रत मूळ सीडीवरूनच घ्यावी लागते, किंवा विकत घ्यावी लागते. दुसरी गोष्ट अशी, की पूर्ण प्रत म्हणजे मुळात होते तेवढेच. गौहरजान यांची तबकडी १९०२ साली कलकत्त्यात मुद्रित झाली, तेव्हा गाणे सुमारे तीन मिनिटांत बसवावे लागे आणि आवाज कर्ण्यातून मेणावर उमटे. त्या तबकडीची खरखर फ्लॅकमध्येही खरखरच राहणार.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. सेकंदाला ३,२०,००० बिटांची उत्तम एमपी-थ्री आणि सीडी यांतला भेद, डोळ्यांआड वाजवल्यास, बहुतेकांना ओळखता येत नाही. मग एवढा खटाटोप का करावा? कारण ऐकण्यापेक्षा जपण्याचे आहे. उद्या फाइलीची नवी पद्धत निघाली, तर पूर्ण प्रतीवरून तीत निर्दोष नक्कल करता येईल. सारांशाचा पुन्हा सारांश केला, तर दर पिढीला काहीतरी गळतच जाईल.

आता याद्यांकडे वळू. १९६३ साली फिलिप्स कंपनीने कॅसेट आणली. पुढे आपल्याकडे कॅसेटचे दिवस आले, तेव्हा हौशी माणसे सकाळचे राग एकीवर, पावसाळी गीते दुसरीवर अशी निवड करून भरून घेत. तेथे गाणे आणि त्याचा क्रम एकाच फितीवर बांधलेले होते. संगणकाने ही गाठ सोडली. प्लेलिस्टमध्ये गाणे नसतेच; असतो तो गाण्याचा पत्ता. अमुक फोल्डरमधील अमुक नावाची फाइल, एवढीच नोंद तीत असते. ‘भैरव.एमपी-थ्री’च्या जागी ‘भैरव.फ्लॅक’ आले की बिऱ्हाड बदललेल्या माणसाला जुन्या पत्त्यावर पत्र पाठवल्यासारखे होते. गाणे घरात असते आणि यादी म्हणते, सापडत नाही. काही वादक-प्रोग्रॅमांत तर जुनी फाइल संग्रहातून काढताच तिची यादीतली ओळही निमूटपणे नाहीशी होते.

म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम सगळ्या संग्रहाची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर काढून बाजूला ठेवावी. नंतर प्रत्येक यादी प्रोग्रॅममधून बाहेर काढून एम-थ्री-यू या साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवावी. गाण्यांची नावे देवनागरीत असतील, तर एम-थ्री-यू-८ हा प्रकार निवडावा, म्हणजे अक्षरांचा खिचडा होत नाही. गाणे किती वेळा ऐकले, त्याला किती तारे दिले, या नोंदी मात्र अशा यादीत येत नाहीत. त्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या दप्तरात असतात, तेव्हा त्या दप्तराचीही नक्कल करावी.

मग सीडी एकेक करून वाचून घ्यावी. वाचन अचूक झाले की नाही, याचा इतरांनी त्याच सीडीवरून घेतलेल्या प्रतींशी ताळा पाहणारे प्रोग्रॅम मिळतात; ते वापरावेत. नव्या फाइलीचे नाव आणि फोल्डर जुन्यासारखेच ठेवावे. फरक फक्त शेपटीच्या अक्षरांचा असावा. असे केले म्हणजे मजकुराच्या यादीत त्या सीडीपुरती ‘एमपी३’ ही अक्षरे काढून ‘फ्लॅक’ची अक्षरे घातली, की यादी पूर्ववत चालू लागते. सगळ्या याद्यांत एकदम अदलाबदल करू नये. कारण ज्या गाण्यांची पूर्ण प्रत मिळालेली नाही, त्यांचे पत्ते नाहक बिघडतील. ॲपलच्या प्रोग्रॅमात संग्रह असणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की तेथे फ्लॅक चालत नाही. त्यांच्यासाठी त्याच कंपनीची २००४ साली आलेली अलॅक ही पद्धत आहे. गुण तोच, शेपटी मात्र ‘एम४ए’ची.

येथे आपल्या संगीताच्या रसिकाने विशेष जपावयास हवे. एकाच गायकाचा एकच राग, तीच बंदिश, निरनिराळ्या मैफलींत मुद्रित झालेली असते. नाव जुळले म्हणून गाणे जुळलेच असे नाही. दोन्ही फाइलींची लांबी सेकंदांपर्यंत ताडून पाहावी आणि आरंभ व शेवट कानाने ऐकावा. विकत घेतलेल्या ‘पूर्ण’ प्रतीविषयी संशय आल्यास तिचा ध्वनिपट पाहावा. नव्या मुद्रणात सोळा हजार कंपनांच्या वर सुरीने कापल्यासारखे सगळे रिते दिसले, तर तो बहुधा फुगवलेला सारांश समजावा. जुन्या तबकडीला ही कसोटी लावू नये. तिच्यात त्या उंचीवर मुळातच काही नसते.

शेवटी प्रत्येक यादीतील गाणी मोजावीत. पूर्वी बेचाळीस असतील, तर आताही बेचाळीसच भरली पाहिजेत. मोजणी जुळली तरी जुन्या फाइली दोन-चार महिने तशाच राहू द्याव्यात. नेहमीच्या ऐकण्यात जी चूक सापडते, ती तपासणीत सापडतेच असे नाही. नभोवाणीवरून उतरवून घेतलेले एखादे गाणे, घरच्या मैफलीतली एखादी ठुमरी, अशा वस्तूंची पूर्ण प्रत मिळणारच नाही. त्या आहेत तशाच यादीत आपल्या जागी राहाव्यात. एका यादीत दोन्ही प्रकारच्या फाइली सुखाने नांदतात. बाजारात मिळणारे गाणे पुन्हा आणता येते. पण कोणत्या अभंगामागून कोणता अभंग यावा, हे आपण वर्षानुवर्षे ऐकून ठरवलेले असते आणि ते कोणत्याही दुकानात मिळत नाही. म्हणून मजकुराच्या त्या याद्यांची एक प्रत कागदावर छापून सीडींच्या कपाटात ठेवावी, अशी आमची सूचना आहे. पुढे प्रोग्रॅम बदलला, संगणक बदलला, किंवा संग्रह मुलाबाळांच्या हाती गेला, तरी त्या कागदावरून यादी पुन्हा लावता येईल.