रूळ उखडले, वाट राहिली

तोट्यात चालणारा रेल्वेमार्ग बंद करावा की नाही, यावर वाद होऊ शकतो. परंतु तो बंद झाल्यावर त्याखालच्या जमिनीचे काय करावे, हा प्रश्न आपल्याकडे सहसा विचारलाच जात नाही. गाडी थांबली की मार्ग संपला, असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः गाड्या येतात आणि जातात. मार्ग ही त्यांहून कितीतरी टिकाऊ अशी सार्वजनिक मालमत्ता आहे.

इंग्लंडमधील ब्रिस्टल ते बाथ हा १३ मैलांचा सायकलमार्ग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तेथून प्रवासी गाड्या १९६६ साली बंद झाल्या आणि पुढे काही वर्षांत मालगाड्याही थांबल्या. १९६३ च्या बीचिंग अहवालाने सुमारे ५,००० मैलांचे मार्ग बंद करण्याची शिफारस केली होती, तो हा काळ. ब्रिस्टलमधील सायकलप्रेमी नागरिकांनी १९७७ साली एक संघटना काढली. १९७९ पासून स्वयंसेवकांनी स्वतः खडी पसरून वाट बांधावयास घेतली आणि १९८६ पर्यंत ती पूर्ण झाली.

या वाटेने रमतगमत निघालेल्या सायकलस्वाराला स्टेपल हिलचा जुना बोगदा लागतो. पुढे मँगट्सफील्डच्या ओसाड स्थानकाच्या भिंती दिसतात. बिटन येथे हौशी मंडळींनी जपलेली वाफेची गाडी शिटी घालते. आणि मग एव्हन नदी पुनःपुन्हा ओलांडीत वाट बाथला पोहोचते. एवढ्या अंतरात दम लागावा असा चढ नाही. याचे कारण वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ मानवत नसे, हे होय. म्हणून एकोणिसाव्या शतकातील अभियंत्यांनी टेकड्या कापल्या, भराव घातले, पूल बांधले. अर्थशास्त्रात ज्याला बुडीत खर्च म्हणतात, तो हाच. तो परत मिळत नाही. पण त्याचे फळ मात्र, मार्ग अखंड राहिल्यास, पुढच्या पिढ्यांना जवळजवळ फुकट मिळते.

‘अखंड राहिल्यास’ ही अट महत्त्वाची आहे. शंभर मैलांची पट्टी तुकड्यातुकड्यांनी विकली, तर प्रत्येक तुकड्याला आसपासच्या शेताइतकाच भाव येईल. ती पुन्हा जोडावयाची म्हटल्यास मात्र शेकडो मालकांच्या दारी जावे लागेल, आणि एकाने अडविले तरी सारे अडेल. अमेरिकेने हे ओळखून १९८३ साली कायद्यात तरतूद केली. बंद पडणारा मार्ग मोडू न देता तूर्त पायवाट वा सायकलवाट म्हणून वापरावा, आणि गरज पडल्यास त्यावर पुन्हा रूळ टाकता यावेत, असा तिचा आशय आहे. तिला आव्हान दिले गेले. १९९० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली.

आता विदर्भाकडे वळू. अचलपूर–मूर्तिजापूर–यवतमाळ ही सुमारे १९० किलोमीटरची अरुंद मार्गाची ‘शकुंतला’ वऱ्हाडचा कापूस वाहून नेण्यासाठी जन्मली. आज ती थांबलेली आहे. तिचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर व्हावे, ही लोकांची जुनी मागणी न्याय्यच आहे. परंतु ती पूर्ण होईपर्यंत या पट्टीत बाभळी वाढू द्याव्यात काय? मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली मिळतात. पण चालविण्यास निर्धोक वाट मिळत नाही. भरधाव मालमोटारींच्या कडेने त्यांना शाळा गाठावी लागते. ब्रिस्टलला जी हौस आहे, ती येथे गरज आहे.

‘सायकलवाट झाली की रेल्वे कायमची गेली’, अशी शंका येथे कोणी घेईल, आणि ती अनाठायी नाही. एकदा रुळलेली वाट सोडण्यास लोक तयार नसतात. ब्रिस्टलच्या वाटेच्या काही भागावरून बस नेण्याचा बेत २००८ साली पुढे आला, तेव्हा नागरिकांच्या विरोधामुळे तो बाजूला ठेवावा लागला. म्हणूनच रेल्वेचा अग्रहक्क आधी लेखी नोंदवावा आणि मगच वाट खुली करावी. शिवाय वऱ्हाडच्या उन्हात सावलीवाचून ती निरुपयोगी ठरेल. तेव्हा दुतर्फा कडुनिंब लावणे हा शोभेचा नव्हे, आवश्यक खर्च समजावा.

रिकामी जमीन फार काळ रिकामी राहत नाही. कोणी कुंपण सरकवतो, कोणी टपरी टाकतो, आणि दहा वर्षांनी रेल्वे आणावयाची म्हटली तरी वाट उरत नाही. दररोज शंभर मुली ज्या पट्टीवरून शाळेत जातात, ती बळकाविणे मात्र सोपे नसते. रेल्वे परत यावी असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनीच प्रथम या वाटेचा आग्रह धरावयास हवा.