बत्ती बेटावर, चूल किनाऱ्यावर

मुळशीत दीपगृह कुठून असणार? पण मुळशीचं पाणी दीपगृहांच्या किनाऱ्याला जातं. ज्या टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला, त्याचं पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात पडतं, पुढे कुंडलिकेतून रेवदंड्यापाशी समुद्राला मिळतं. तिथून थोडं उत्तरेला, थळच्या समोर, खांदेरी.

शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रज आणि सिद्दी दोघांच्या नाकावर टिच्चून या बेटावर किल्ला बांधायला घेतला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. १८६७ मध्ये त्याच बेटावर इंग्रजांनी अष्टकोनी दीपगृह उभारलं. त्यानंतरची दीडशे वर्षं मात्र कुणी फारशी सांगत नाही. सांगण्यासारखं काही घडू नये, हीच तर तिथल्या माणसांची नोकरी!

रॉकेलच्या जमान्यातल्या दीपगृहांत पेट्रोमॅक्ससारखाच मॅन्टल पेटायचा, फक्त भोवती माणसाच्या उंचीची भिंगं. ती फिरवायला मनोऱ्याच्या पोटात वजन टांगलेलं. ते हळूहळू खाली उतरे, चक्रं फिरत. खाली पोचण्याआधी हातानं गुंडाळून पुन्हा वर घ्यायचं, रात्रभर. डुलकी लागली की झोताचा ठेका चुकणार, आणि खलाशी कुठली बत्ती ते ओळखतो त्या ठेक्यावरूनच. उजाडलं की काचा पुसून पडदे ओढायचे. नाहीतर तीच भिंगं ऊन एकवटून आत आग लावायची.

जमिनीवरच्या दीपगृहांच्या आवारात क्वार्टर्स असत, बायकामुलं सोबत राहत. रात्रपाळीचा बाप दुपारी झोपलेला, म्हणून पोरांनी दबक्या आवाजात खेळायचं. बेटावरचं गणित निराळं. शाळा नाही, दवाखाना नाही, म्हणून बिऱ्हाड किनाऱ्यावर आणि कर्ता माणूस पाण्यापलीकडे. एका पगारात दोन चुली. पावसाळ्यात दर्या खवळला की होडी बेटाला लागत नाही. तांदूळ, डाळ, औषधं आधीच भरून ठेवायची. शिवाय दीपगृहांचं खातं केंद्र सरकारचं. बदली झाली की मुलांची शाळा, कधी कधी शाळेची भाषासुद्धा बदलायची. बत्ती राखल्याचं श्रेय आपण एकट्या माणसाला देतो. किनाऱ्यावर घर ओढणाऱ्या बाईला त्यातलं काहीच मिळालं नाही.

दीपगृहांचा कायदा १९२७ चा, आणि भिऱ्याचं वीजघर सुरू झालं तेही त्याच साली. मुळशीच्या पाण्यावरची वीज मुंबईला गेली. समुद्रातल्या बेटांपर्यंत तारा नेणं इतकं सोपं नव्हतं. जनरेटर, सौर पट्ट्या, एलईडी हे सगळं नंतरचं. यंत्र सुधारलं तशी माणसांची गरज घटली. २०२१ मध्ये जुन्या कायद्याची जागा नव्यानं घेतली, आणि आता दीपगृहांकडे सरकार पर्यटनस्थळं म्हणून पाहतं.

खांदेरी २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचा भाग म्हणून. तटांची डागडुजी होईलच. त्या पैशातून कर्मचाऱ्यांच्या खोल्याही राखाव्यात आणि जुन्या नोंदवह्या वाळवीपासून वाचवाव्यात, असं मला वाटतं. बत्ती किती वाजता लावली, वारा कुठला, हे वह्यांत सापडेल. घरी पोरगं तापानं फणफणत होतं, ते सापडणार नाही. ते त्या घरांतल्या आज्यांनाच विचारावं लागेल.