वटवटे निघायच्या आत जंगलात जा

मार्च संपत आला, पर्णवटवटे हे चिमुकले पाहुणे पक्षी आता उत्तरेच्या वाटेला लागतील. सिंहगडाची दरी असो नाहीतर बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, सकाळी लवकर पोहोचा आणि दुर्बीण डोळ्यांना लावण्याआधी कान द्या. वरच्या पानांतून ‘चि-वी’ असा तुटक, दोन तुकड्यांचा आवाज आला की बहुधा हिरवट वटवट्या. हिवाळाभर तो आपली हद्द ओरडून राखतो, म्हणून एकदा सापडलं की ते झाड लक्षात ठेवा.

चिमणीपेक्षा बराच लहान. वर मळकट हिरवा, खाली पांढुरका, डोळ्यावर लांब फिकट भुवई, पंखावर एकच बारीक रेघ. पानाखालची अळी टिपताना क्षणभर उलटा लटकतो, तेवढ्यात पोट बघून घ्यायचं. डोक्याच्या मधोमध फिकट पट्टा दिसला तर मात्र तो दुसरा वटवट्या, पश्चिम हिमालयात वीण करणारा.

या हिरवट वटवट्याची खरी गंमत त्याच्या विणीच्या प्रदेशात आहे. हिमालयातून तिबेटच्या पठाराला दोन्ही बाजूंनी वळसा घालत तो सायबेरियापर्यंत पसरलाय. वाटेत गाणं थोडंथोडं बदलत जातं, आणि सायबेरियात दोन्ही टोकं भेटतात तेव्हा एकमेकांचं गाणं ओळखत नाहीत, जोड्याही जमत नाहीत. केवढी विलक्षण गोष्ट आहे ही!

निघण्याआधी काही नर इथेच गायला लागतात. मोबाइलवर आवाज वाजवून त्यांना बोलावू नका, प्रवासासाठी पोट भरायचे दिवस आहेत त्यांचे. फोटो नाही मिळाला तरी चालेल, आवाज रेकॉर्ड करून ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाका.