व्हायरस आटोक्यात आला, आता काळजाकडेही बघा

१ जून ते ३१ जुलै गोव्यात मासेमारी बंदी असते. या ६१ दिवसांत आपण जाळी शिवतो, इंजिन खोलतो, होडीला रंग देतो. याच दिवसांत शरीराची एक तपासणी करून घ्या, असं आम्ही सांगतोय. सगळ्यांनीच करावी, पण एचआयव्हीसह जगणाऱ्या आपल्या भावाबहिणींनी तर नक्कीच.

२००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटीच्या गोळ्या फुकट मिळू लागल्या आणि चित्र पालटलं. वेळेवर गोळी घेणारा माणूस आज म्हातारपण बघतो. पण एचआयव्ही असलेल्यांना हार्ट अटॅक आणि लकव्याचा धोका इतरांपेक्षा साधारण दीड ते दोन पट असतो.

असं का होतं?

व्हायरस गोळीने दबतो, पण पूर्ण जात नाही. त्यामुळे अंगात बारीक सूज कायम राहते आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला चरबी लवकर साचते. त्यात काही औषधांनी, विशेषतः रिटोनाविर असलेल्या गोळ्यांनी, रक्तातलं ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉल वाढू शकतं. आता बहुतेकांना मिळणाऱ्या टीएलडी गोळीने चरबीवर फारसा परिणाम होत नाही, पण काहींचं वजन वाढतं. तंबाखू, बिडी, दारू आणि बीपी यांची भर पडली की धोका आणखी वाढतो.

मग गोळ्याच बंद करायच्या काय? अजिबात नाही! 'स्मार्ट' नावाच्या मोठ्या अभ्यासात काही जणांचं औषध मध्ये मध्ये थांबवून बघितलं होतं. त्यांच्यात मृत्यू आणि हृदयाचे आजार उलट जास्त झाले. म्हणून २००६ साली तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला. खोल समुद्रात जाताना फेरीच्या दिवसांपेक्षा चार गोळ्या जास्तच घेऊन चला.

दुसरा अभ्यास 'रिप्रीव्ह'. त्यात १२ देशांतले ७,७६९ लोक होते, आपल्या भारतातलेही. वय ४० ते ७५, सगळे एआरटीवर. त्यांचं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, साधारण १०८ होतं, फार वाढलेलं नव्हतं. निम्म्यांना रोज पिटाव्हास्टॅटिनची गोळी दिली, निम्म्यांना नुसती औषध नसलेली गोळी. २०२३ साली निकाल आला: स्टॅटिन घेणाऱ्यांत हार्ट अटॅक, लकवा असे मोठे त्रास ३५ टक्क्यांनी कमी झाले. थोड्या लोकांना स्नायू दुखण्याचा त्रास झाला, काहींना मधुमेह झाला. म्हणजे रिपोर्ट 'नॉर्मल' आला म्हणून विषय संपत नाही.

तर आता काय करायचं?

• एआरटी केंद्रात लिपिड प्रोफाइल, साखर आणि बीपी तपासायला सांगा.
• चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, "मला स्टॅटिन लागेल का?"
• मेडिकलमधून आपल्या मनाने स्टॅटिन घेऊ नका. रिटोनाविरबरोबर सिमव्हास्टॅटिन चालत नाही, स्नायूंना मोठी इजा होऊ शकते. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी एआरटीची गोळी दाखवा.
• तंबाखू आणि बिडी सोडा. सगळ्यात मोठा फायदा यातच आहे.
• बांगडा, तारली हृदयाला चांगली, पण तळून नको, हुमणात घाला. खारं सुकं मासळं बीपीवाल्यांनी बेताने खावं.

आणि एक गोष्ट बाकीच्या सगळ्यांसाठी. बोटीवर कुणी रोज ठरल्या वेळी गोळी घेत असेल तर कसली म्हणून विचारत बसू नका. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने कुणाच्या संमतीशिवाय त्याची माहिती उघड करता येत नाही आणि या कारणाने कामावरून काढताही येत नाही. शंका असेल तर १०९७ वर फोन करा, कॉल फुकट आहे.

बंदी उठायच्या आत तपासणी उरकून घ्या, मंडळी. इंजिनाचं ऑइल बघतो तसं रक्ताचंही बघूया!