ठेव बुडाली तर दाद कुठे? संसदेतील बँक कायदा आणि भोकरदनचा ठेवीदार



भोकरदन तालुक्यात बचत गटांच्या बैठकांना गेले की एक प्रश्न हमखास येतो. "दादा, तिथे ठेव ठेवली तर पैसे बुडणार तर नाहीत ना?" विचारणारी बाई कधी मजुरीचे साठवलेले दहा हजार ठेवणार असते, कधी मुलीच्या लग्नासाठीचे ऐंशी हजार. या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर संस्थेच्या इमारतीवर, चेअरमनच्या गाडीवर किंवा व्याजाच्या दरावर ठरत नाही. ती संस्था बँक आहे की नाही, एवढ्यावरच ते ठरते. बँक असेल तर रिझर्व्ह बँक, ठेव विमा आणि लोकपाल हे तिन्ही तुमच्या बाजूला उभे असतात. बँक नसेल तर यातले एकही नसते. गेल्या सहा-सात वर्षांत संसदेत बँकांवर कडक नियंत्रण आणण्याच्या ज्या चर्चा झाल्या, त्या आपल्यापर्यंत या एका रेषेपाशी येऊन थांबतात. ही रेषा आपल्या कार्यकर्त्यांना नीट माहीत असली पाहिजे.

सुरुवात मुंबईच्या पीएमसी बँकेपासून करू. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने या सहकारी बँकेवर निर्बंध घातले आणि खातेदाराला स्वतःच्या खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येतील असे सांगितले. पुढे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढत गेली, पण लोकांचे आजारपण, फी, घरभाडे टप्प्याटप्प्याने येत नव्हते. बँकेने दिलेल्या कर्जाचा बहुतांश भाग एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकला होता, आणि तो लपवण्यासाठी हजारो बनावट कर्जखाती दाखवली गेली होती. मग हे इतकी वर्षे कोणाच्या लक्षात कसे आले नाही?

कारण सहकारी बँकेला दोन मालक होते. १ मार्च १९६६ पासून बँकिंग नियमन कायदा सहकारी बँकांना लागू झाला, पण अर्धाच. पैशाचा व्यवहार रिझर्व्ह बँकेने बघायचा. संचालक मंडळ, निवडणुका, लेखापरीक्षण, बरखास्ती हे सहकार निबंधकाने. गडबड झाली की एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायचे. आपल्याकडे तलाठी आणि ग्रामसेवक जसे एकमेकांकडे पाठवतात, तसेच हे.

पीएमसीनंतर आधी जून २०२० मध्ये वटहुकूम निघाला आणि मग विधेयक आले. १६ सप्टेंबर २०२० ला ते लोकसभेत आणि २२ सप्टेंबरला राज्यसभेत मंजूर झाले. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी लोकसभेत जे आकडे मांडले ते वाचण्यासारखे आहेत. २७७ नागरी सहकारी बँका तोट्यात, १०५ बँकांकडे किमान भांडवलही नाही, ४७ बँकांची नक्त मालमत्ता उणे, आणि ३२८ बँकांची थकीत कर्जे १५ टक्क्यांहून जास्त. त्या वेळी देशात सुमारे दीड हजार नागरी सहकारी बँका होत्या. म्हणजे पाचातली एक बँक आजारी, आणि ते सरकारला माहीत होते.

विरोधकांचा मुख्य आक्षेप संघराज्याचा होता. सहकार हा राज्यघटनेच्या राज्य सूचीतला विषय, बँकिंग केंद्र सूचीतला. मग सहकारी बँक कोणाची? शरद पवारांनीही पंतप्रधानांना पत्र लिहून शिस्तीला हरकत नाही, पण बँकांचे सहकारी स्वरूप टिकले पाहिजे, अशी भूमिका मांडली. हा आक्षेप पोकळ नव्हता. मोठ्या बँका ज्या माणसाला दारात उभे करत नाहीत त्याला कर्ज देणारी गावातली बँक ही खरी गरज आहे. पण मला असे वाटते की आपल्या भागात या 'सहकारी स्वरूपा'वर एखाद-दुसऱ्या घराण्याचा ताबा किती आहे, यावर सभागृहात फारसे कोणी बोलले नाही. संचालक मंडळांच्या याद्या काढून आडनावे वाचा. समाजशास्त्र शिकलेल्या माणसाला वेगळा अभ्यास करावा लागत नाही.

या कायद्याने काय बदलले? सहकारी बँकेचे व्यवस्थापन, लेखापरीक्षण, संचालक मंडळ बरखास्त करणे हे रिझर्व्ह बँकेच्या हातात आले. दुसरा बदल ठेवीदाराच्या जास्त जवळचा आहे. पूर्वी बुडणाऱ्या बँकेचे विलीनीकरण करायचे तर आधी सगळे व्यवहार गोठवावे लागत. आता ते न गोठवताही पुनर्रचनेची योजना आणता येते. हे कागदावर झाले. प्रत्यक्षात फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा पैसे काढणे पुन्हा पूर्ण थांबले. दोन आठवड्यांनी २५ हजारांची मुभा मिळाली, आणि ऑगस्टमध्ये ती बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. पीएमसीच्या ठेवीदारांना विलीनीकरणासाठी जानेवारी २०२२ पर्यंत थांबावे लागले होते. फरक पडला, पण पहिला फटका ठेवीदारालाच बसला.

ठेव विम्याचा बदल मात्र ठोस आहे. १९९३ पासून विम्याची मर्यादा एक लाख होती, ती ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख झाली. २०२१ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट झाली. बँकेवर निर्बंध आले की ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यावी लागते, बँक कायमची बंद होण्याची वाट पाहावी लागत नाही. पाच लाख म्हणजे मुद्दल आणि व्याज मिळून, एका माणसाचे एका बँकेतले. दोन शाखांत दोन खाती असली तरी एकच धरतात. जिल्हा मध्यवर्ती बँक, ग्रामीण बँक, नागरी सहकारी बँक या सगळ्यांना हा विमा आहे.

पतसंस्थेला नाही. मल्टिस्टेटला नाही.

पाटीवर काय लिहिले आहे ते वाचा

भोकरदन, जाफराबाद, सिल्लोड कुठल्याही बाजारपेठेत उभे राहा. 'अमुक मल्टिस्टेट को-ऑप. क्रेडिट सोसायटी लि.' अशी काचेची चकचकीत शाखा दिसेल. खाली 'भारत सरकार मान्यताप्राप्त' असे लिहिलेले. आत काउंटर, पासबुक, संगणक, टोकन. बँकेसारखे सगळे. 'भारत सरकार'चा अर्थ एवढाच की तिची नोंदणी दिल्लीतल्या केंद्रीय निबंधकाकडे आहे. रिझर्व्ह बँकेचा परवाना नाही. साधी पतसंस्था राज्याच्या सहकार खात्याखाली येते, तिथेही रिझर्व्ह बँक नाही.

या संस्था फक्त सभासदांकडून ठेवी घेऊ शकतात. म्हणूनच ठेव ठेवताना आणखी एका अर्जावर तुमची सही किंवा अंगठा घेतात आणि तुम्ही 'नाममात्र सभासद' होता. बहुतेकांना हे कळतही नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीरपणे बजावले होते की काही सहकारी संस्था नावात 'बँक' शब्द वापरतात, नाममात्र सभासदांकडून ठेवी घेतात, हे नियमाविरुद्ध आहे आणि या ठेवींना विमा नाही. हे प्रसिद्धीपत्रक किती वस्त्यांत पोहोचले?

मल्टिस्टेटच्या कायद्यातही संसदेने २०२३ मध्ये दुरुस्ती केली. २५ जुलैला लोकसभेत ती मंजूर झाली तेव्हा मणिपूरवरून सभागृहात गदारोळ चालू होता आणि आवाजी मतदानाने विधेयक पुढे गेले. मणिपूरचा प्रश्न गंभीर होताच. पण कोट्यवधी लोकांच्या ठेवींवरचा कायदा नीट चर्चेविना झाला हेही खरे. त्यानंतर काही महिन्यांतच बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या शाखांपुढे ठेवीदारांच्या रांगा लागल्या आणि मग शाखांना कुलपे लागली. १२ ते १४ टक्के व्याजाचे आमिष दाखवून गोळा केलेल्या ठेवींतले दोन हजार कोटींहून अधिक रुपये स्वतःच्या समूहाकडे वळवले, असा सक्तवसुली संचालनालयाचा आरोप आहे. ठेवीदारांची संख्या लाखांत आहे. आरोपांचा निकाल न्यायालय देईल, पण मराठवाड्यातल्या कित्येक घरांतली लग्ने आणि शिक्षणे तोवर थांबली आहेत.

माणूस तिकडे जातोच का, हा प्रश्न शहरातले लोक हेटाळणीने विचारतात. लालच, असे उत्तरही स्वतःच देतात. मला ते अर्धवट वाटते. पिग्मी एजंट घरी येतो, गावचा असतो, नावाने हाक मारतो. बँकेत मात्र 'लिंक नाही, उद्या या' ऐकायला मिळते आणि एका दिवसाची मजुरी जाते. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत किमान शिल्लक नसल्याबद्दल सुमारे ८,५०० कोटी रुपये दंड गोळा केला, ही माहिती सरकारनेच २०२४ मध्ये लोकसभेत दिली. स्टेट बँकेने हा दंड २०२० मध्येच बंद केला होता, म्हणजे त्यानंतरचे पैसे उरलेल्या बँकांनी घेतले. ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले हप्ते आले तेव्हा काही बँकांनी त्यातूनही जुनी येणी कापली आणि राज्य सरकारला बँकांना तंबी द्यावी लागली. कॅनरा, पंजाब नॅशनल, बडोदा या बँकांनी हा दंड बंद केला तो २०२५ च्या मध्यात. ज्याच्या खात्यात कमी पैसे आहेत त्यालाच त्याबद्दल दंड, हे तर्कशास्त्र मला आजही समजलेले नाही.

इथे एक विषयांतर करतो. भोकरदनचे प्राचीन नाव भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर भोगवर्धनच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांत त्याहून नेमकी नोंद आहे. उषवदाताने भिक्षुसंघासाठी तीन हजार कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवले. दोन हजार दरमहा शेकडा एक दराने, एक हजार पाऊण दराने. मुद्दल परत द्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, आणि हे सगळे निगमसभेत ऐकवून फलकावर नोंदवले. ठेव कोणाकडे, दर किती, साक्ष कोणाची, हे सर्वांना दिसेल असे दगडात. आपल्या ठेवपावतीच्या मागची बारीक अक्षरे यापुढे लाज वाटावी अशी आहेत.

जयंतीच्या भाषणांत 'रिझर्व्ह बँक बाबासाहेबांमुळे' हे वाक्य आपण टाळ्यांसाठी वापरतो आणि पुढे जातो. १९२३ चा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' आणि हिल्टन यंग आयोगापुढची त्यांची साक्ष यांतला मुद्दा त्या वाक्यापेक्षा मोठा आहे. चलनाचा कारभार करणाऱ्यांच्या मर्जीवर सोडू नका, नियमाने बांधा. कारण रुपयाची किंमत घसरली की मजुरी करणारा आधी भरडला जातो. तोच प्रश्न आज ठेवपावतीबद्दल विचारता येतो.

तक्रार कशी करायची

बँकेबद्दल तक्रार असेल तर पहिली पायरी शाखेतच, पण लेखी. तोंडी तक्रार ही तक्रार नसते. दोन प्रती न्या, एकीवर तारीख, शिक्का, सही घ्या. शाखा पोच देत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा, ती पावतीच पोच. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. २०२१ पासून संपूर्ण देशासाठी एकच एकात्मिक योजना आहे. सीएमएस नावाच्या पोर्टलवर किंवा चंदीगडच्या केंद्राकडे पत्राने तक्रार जाते, शुल्क नाही, आणि वकील लागत नाही. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. २०२१ च्या योजनेत नुकसानभरपाई वीस लाखांपर्यंत आणि मानसिक त्रास, वेळ व खर्चापोटी एक लाखापर्यंत देता येत होती. सहकारी जिल्हा मध्यवर्ती बँका यातून बाहेर होत्या, त्या नोव्हेंबर २०२५ पासून आत आल्या.

अनेक तक्रारी फेटाळल्या जातात त्या एका कारणाने: आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली नसते.

खात्यातून परस्पर पैसे गेले असतील तर तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवा आणि १९३० वर फोन करा. चूक तुमची नसेल आणि वेळेत कळवले असेल तर तुमची जबाबदारी शून्य, असा रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ चा नियम आहे, आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करणे बँकेचे काम आहे. ग्राहक सेवा केंद्रावर अंगठा लावून पैसे काढताना पावती मागा. 'प्रिंटर बंद आहे' म्हटले तर रक्कम, तारीख, वेळ वहीत लिहून त्याची सही घ्या. ग्रुप लोनवाल्या कंपन्यांच्या वसुलीलाही नियम आहे. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन नाही. किमान शिल्लकीचा दंड लागत असेल तर 'मूलभूत बचत ठेव खाते' मागा, त्याला किमान शिल्लक लागत नाही. एकाच बँकेत ते आणि दुसरे बचत खाते एकत्र ठेवता येत नाही, एवढी अट आहे.

पतसंस्था किंवा मल्टिस्टेट पैसे देत नसेल तर वाट वेगळी आहे. पतसंस्थेची तक्रार सहायक निबंधकाकडे, तालुक्यालाच. मल्टिस्टेटची दिल्लीत केंद्रीय निबंधकाकडे. २०२३ च्या दुरुस्तीने सहकार लोकपालाचीही तरतूद केली आहे, आणि त्याने तीन महिन्यांत चौकशी पूर्ण करायची असते. फसवणूक असेल तर पोलिसांत, ठेवीदारांच्या हितरक्षणाच्या १९९९ च्या राज्य कायद्याखाली, म्हणजे एमपीआयडीखाली गुन्हा नोंदवण्याचा आग्रह धरा. त्यात मालमत्ता जप्त करून ठेवीदारांत वाटण्याची सोय आहे. जप्तीनंतर सक्षम प्राधिकारी दावे मागवतो तेव्हा मूळ पावती, पासबुक, आधार आणि सभासद अर्जाची प्रत लागते. पावती मुदतीनंतर 'नूतनीकरणासाठी' परत मागितली तर देण्याआधी दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढून ठेवा.