पुणे–दिल्ली : विमान दोन तासांचं, प्रवास सात तासांचा

"सर, दिल्लीच्या सदर बाजारातून इमिटेशन ज्वेलरी आणायची आहे. विमानाने दोन तासांत पोहोचतो, सकाळी जाऊन संध्याकाळी परत." हे वाक्य मी दर बॅचमध्ये ऐकतो. म्हणून आज जरा हिशोब मांडू.

पुणे ते दिल्ली हवाई अंतर सुमारे 1,170 किलोमीटर. विमान ताशी 800 च्या आसपास उडतं, म्हणजे दीड तासात पोहोचायला हवं ना? पण तिकिटावर सव्वादोन तासांच्या आसपास वेळ दिसते. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, वर चढणं, खाली उतरणं, दिल्लीवर गर्दी असेल तर आकाशातच घिरट्या, हे सगळं त्यात धरलेलं असतं.

आता घरापासून मोजा. चिंचवडहून लोहगाव एक तास. विमानाच्या दोन तास आधी हजर. सव्वादोन तास उड्डाण. उतरून, बॅग घेऊन बाहेर यायला अर्धा-पाऊण तास. टर्मिनल 3 ला उतरलात तर एअरपोर्ट मेट्रोने नवी दिल्ली स्टेशन वीसेक मिनिटांत, पुढे ई-रिक्षा, धरा तासभर. झाले की सात तास! रेल्वेच्या वेगवान गाडीलाही जवळपास 20 तास लागतात, त्यामुळे विमान फायद्याचं आहेच. पण "दोन तास" नाही. मी स्वतः पहिल्या वेळी हाच घोळ घातला. जानेवारीत गेलो, दहाची मीटिंग ठेवली आणि धुक्यामुळे विमानच उशिरा सुटलं. पार्टी निघून गेली. ऑर्डर गेली ती गेलीच.

खर्चाचंही तसंच. समजा जाऊन-येऊन तिकीट 12,000, खोली 2,500, खाणं आणि रिक्षा 1,500. दोन दिवस दुकान बंद, त्याचे 4,000 कोणी मोजतच नाही! एकूण 20,000. माल घेतला एक लाखाचा, तर प्रत्येक शंभर रुपयांच्या मालावर 20 रुपये नुसते प्रवासाचे चढले. तोच माल आपल्या बोहरी आळीत 15 टक्के महाग मिळत असेल, तर दिल्लीला कशाला जायचं? पाच लाखांची खरेदी असेल तर मात्र हाच बोजा 4 टक्क्यांवर येतो. मग जरूर जा.

बरं, माल विमानातून आणू असंही डोक्यात असेल. देशांतर्गत इकॉनॉमी तिकिटावर बहुतेक ठिकाणी 15 किलो चेक-इन आणि 7 किलो हातातली बॅग. नमुने आणा, बाकीचा माल ट्रान्सपोर्टने टाका. त्याचं भाडंही वरच्या हिशोबात धरा.

तिकीट काढताना जीएसटी नोंदणी असेल तर नंबर तिथेच टाका, नंतर बिल बदलून घेताना दमछाक होते. आणि हो, रविवारी जाऊ नका. सदर बाजार त्या दिवशी बंद असतो.